उलटा पुठ्ठा

माझ्या नातीला कुणी शेवट सांगितलेला खपत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ती टीव्हीसमोर मांडी ठोकून बसते, हातात ते बटणांचं यंत्र, आणि तासन्‌तास कुठल्या तरी राज्यात भटकत असते. परवा त्या खेळातला एक म्हातारा, जो पहिल्यापासून तिला वाट दाखवत होता, तोच शेवटी वैरी निघाला. पोरगी आनंदानं किंचाळली. फसवलं गेल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेला नाही. तेच एखाद्या मैत्रिणीनं आधी सांगून टाकलं की आठवडाभर अबोला. "आजी, सगळी मजा सरप्राइजमध्ये असते, तुला नाही कळायचं," असं ती मला वर ऐकवते.

मला नाही कळायचं! तिच्या वयाची असताना असला एक खेळ मी माझ्या हातानं बनवला होता, आणि त्याची मजा पुरती भोगली आहे. म्हणून तिचं ते किंचाळणं कानावर आलं की माझं डोकं उठतं.

मी तेव्हा अकरावीला होते. अकरावीलाच मॅट्रिक असायची, ती पद्धत बंद व्हायच्या आधीची ही गोष्ट. आम्ही पूर्व भागात राहायचो. दिवस उजाडला की चारी बाजूंनी मागांचा खडखडाट सुरू व्हायचा आणि घरात बोलायचं ते थोडं ओरडूनच. वडील चादरीच्या कारखान्यात पुठ्ठे पाडायचे. चादरीवर फुलं-मोर दिसतात ते मागाला कुणीतरी सांगावे लागतात, आणि ते पुठ्ठे सांगतात. वीत-दीड वीत लांब, चार बोटं रुंद असे जाड पुठ्ठे, प्रत्येकाला नक्षीबरहुकूम भोकं, आणि असे शेकडो पुठ्ठे दोरीनं एकमेकांना बांधलेले. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. प्रत्येक पुठ्ठ्याच्या टोकाला वडील शाईनं नंबर घालायचे, आणि नंबर कायम वर. एकदा कुणाच्या तरी हातून एक पुठ्ठा उलटा बांधला गेला आणि सगळ्या चादरींवर मोराची मान तुटलेली आली. मालकापुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं ते वडिलांना. त्यानंतर आमच्या घरात पुठ्ठा उलटा ठेवणं म्हणजे चपलेसकट देवघरात जाण्यासारखं झालं. नंबर नसलेला पुठ्ठा दिसला की तो कचरा, चुलीजवळच्या डब्यात जायचा.

आमच्याच घरात माझा मामा राहायचा, आईचा धाकटा भाऊ. तो एका टॉकीजवर डोअरकीपर होता. खाकी शर्ट, खिशात बॅटरी, आणि शहरात आलेल्या प्रत्येक सिनेमाचा शेवट त्याच्या जिभेवर. या माणसाला मी मनापासून वैतागले होते. दुसऱ्याला कसली उत्सुकता लागलेली त्याला बघवतच नसे. तिकीट फाडताना एखाद्या गिऱ्हाइकानं उद्धटपणा केला की हा त्याच्या हातात अर्धं तिकीट ठेवायचा आणि हळूच म्हणायचा, "भाऊच खुनी हाय बघा." माणूस तीन तास हात चोळत बसायचा. ही याची शिक्षा देण्याची पद्धत, आणि घरी येऊन ती तो चवीनं सांगायचा.

बाहेर काय करायचं ते करावं. घरातही तेच. आईनं दिवाळीला माझ्यासाठी परकराचं कापड ट्रंकेत लपवलं, यानं मला वसुबारसेलाच सांगितलं की निळं हाय, बुट्टीचं हाय. आठवीचा निकाल शाळेत लागायच्या आधी हा कुठल्याशा शिपायाकडून काढून आला आणि मी आंघोळीला बसलेली असताना दाराबाहेरून ओरडला. मी पास होते, पण माझा पास व्हायचा क्षण त्यानं खाल्ला. मी चिडले की म्हणायचा, "आज कळलं काय आन उद्या कळलं काय, गोष्ट तीच की." गोष्ट तीच नसते हे त्याला कसं पटवावं ते मला कळत नव्हतं. रात्रंदिवस माझ्या पोटात हा राग होता.

दुसरी एक गोष्ट त्या वर्षी माझ्या मनात होती आणि ती खरी मोठी होती. मला कॉलेजात जायचं होतं. वडील नाही म्हणाले नव्हते, हो पण म्हणाले नव्हते. निकाल लागू दे, मग बघू, एवढंच. आमच्या मराठीच्या बाईंना हे "मग बघू" चांगलं ओळखीचं होतं. माझ्याआधी दोन मुलींच्या घरी जाऊन त्यांनी वडीलमंडळींची समजूत घातली होती आणि त्या दोघी कॉलेजात जात होत्या. परीक्षेआधी त्यांनी मला वर्गाबाहेर घेतलं आणि सांगितलं, "घरात पाहुण्यांची कुणकुण लागली की त्याच दिवशी माझ्याकडे ये. सुपारी फुटायच्या आत. मी तुझ्या वडिलांशी बोलते. एकदा सुपारी फुटली की मला बोलायला तोंड राहत नाही." मी मान डोलावली. कुणकुण लागेलच असं मी धरून चालले होते. घर केवढं, दोन खोल्यांचं.

परीक्षा संपली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खेळाला लागले. वडिलांकडे नक्षी काढायचा चौकटींचा कागद असायचा. त्यातली एक पट्टी मी कापून घेतली, आठ चौकटी रुंद आणि पन्नास चौकटी लांब, आणि प्रत्येक चौकटीत एकेक अक्षर लिहिलं. नुसता कागद वाचला तर काहीच कळत नाही. पण त्यावर भोकांचा पुठ्ठा बरोबर ठेवला की भोकांतून काही अक्षरं दिसतात आणि ती वरून खाली ओळीनं वाचली की वाक्य होतं. वडिलांनी बाद केलेले कोरे पुठ्ठे घेतले, त्यांच्याच हत्यारानं भोकं पाडली. एक भोक चुकलं की अख्खा पुठ्ठा वाया. असे किती वाया घालवले त्याचा पत्ता नाही. बोटं काळीनिळी झाली होती.

सहा पुठ्ठ्यांची गोष्ट होती. लग्नाचा बस्ता घेऊन एक कुटुंब अक्कलकोटहून एसटीनं सोलापूरला निघतं, वाटेत बस्ता नाहीसा होतो. गाडीत म्हातारी आहे, फौजदार आहे, बांगड्या विकणारा आहे, ड्रायव्हर आणि कंडक्टर आहेत. एकेक पुठ्ठा ठेवायचा, थोडंसं कळतं, मग खेळणाऱ्यांनी चिंचोके लावून चोर कोण ते सांगायचं. चांगला होता खेळ, मी आजही म्हणेन. पण शेवट काही केल्या जमेना. कुणालाही चोर केला तरी मामा तिसऱ्या पुठ्ठ्याला ओळखणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

एका दुपारी थकून मी सहावा पुठ्ठा कागदावर टाकला तो उलटा पडला. नंबर खाली. मी दचकून उचलायला गेले आणि थांबले. भोकं तीच, पण उलटीकडून ती भलत्याच अक्षरांवर आली होती. एकच पुठ्ठा दोन गोष्टी सांगू शकत होता. आणि आमच्या घरातलं एकही माणूस जन्मात पुठ्ठा उलटा करून बघणार नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी तोंडावर हात धरून एकटीच हसत बसले. त्यानंतरचे आठ दिवस मी कागदावरची अक्षरं इकडून तिकडे हलवत होते, दोन्ही बाजू जुळेपर्यंत.

मग मी मामाला आव्हान दिलं. तू ओळखलंस तर वर्षभर तुझ्या खाकी शर्टांना इस्त्री मी करीन. नाही ओळखलंस तर या घरात पुढचं काहीही सांगायचं नाही. सिनेमाचं नाही, निकालाचं नाही, ट्रंकेतलं नाही, कुणाचं काही म्हणजे काही नाही. "तोंडातून एक अक्षर काढायचं नाही," असं मी म्हटलं, आणि सिद्धेश्वराची शपथ घ्यायला लावली. तो हसतच शपथ घेऊन बसला. माझी शब्दांची निवड त्यानं किती नीट ऐकली होती ते मला पुढे कळलं.

रविवारची सकाळ होती. आई निवडणं घेऊन बसली होती, वडील भिंतीला टेकून बिडी ओढत बघत होते. तिसऱ्या पुठ्ठ्यालाच मामानं चिंचोक्यांची मूठ पुढे लोटली. कंडक्टर, म्हणाला. घंटी मारतो पण गाडी थांबत नाही, तिथंच ओळखलं म्हणे. चौथा झाला, पाचवा झाला. सहावा पुठ्ठा मी कागदावर ठेवला, नंबर वर करून. अक्षरं दिसली: चोर कंडक्टर. मामानं मांडीवर थाप मारली आणि आईला म्हणाला की इस्त्रीला कोळसा आणून ठेव.

मी पुठ्ठा उचलला, उलटा केला आणि परत ठेवला. वडिलांच्या तोंडून नकळत "अगं अगं" निघालं. भोकांतून आता दुसरी अक्षरं आली होती: सांगणारा चोर.

मग आईनं पदर तोंडात कोंबला आणि सूप बाजूला ठेवून हसायला लागली. वडीलही हसले, त्यांना मी तसं हसताना क्वचित पाहिलं आहे. मामानं पुठ्ठा हातात घेतला, वर केला, खाली केला, उजेडाला धरला. त्याचा चेहरा असा झाला होता की मला अजून आठवून बरं वाटतं. खोटं कशाला बोलू. आयुष्यभर दुसऱ्याचे क्षण खाणाऱ्याच्या तोंडचा घास मी काढला होता. "उलटा बघायचं सुचलंच न्हाय," एवढंच तो म्हणाला.

आणि तो शब्दाला जागला. सिनेमाबद्दल अवाक्षर नाही. शेजारची तेलुगू बाई मुद्दाम विचारायला यायची, नव्या सिनेमात शेवटी नायक वाचतो का, तर हा छताकडे बघायचा. पंधरा दिवस गेले. घर कसं शांत झालं. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी खेळाचा बिस्किटांचा डबा उघडला तर आत सहा पुठ्ठ्यांवर एक सातवा पडलेला. नंबर नाही. भोकं वेडीवाकडी, काही तर कडेला फाटलेली. वडिलांच्या हत्याराला हात लावायची या घरात मामाला बंदी होती, तरी हे काम त्याचंच हे लगेच कळलं. दुपारी सगळे झोपले की ठोकल्याचा आवाज यायचा तो मी मागांचा समजले होते. माझा राग मस्तकात गेला. हरलेला माणूस आता माझ्या खेळात लुडबुड करून त्याची वाट लावणार, असं मी धरलं. नंबर नसलेला पुठ्ठा. मी तो ट्रंकेमागं भिरकावून दिला आणि डबा माळ्यावर ठेवला.

संध्याकाळच्या खेळाला निघताना मामा म्हणाला, "आज मांड की तुझा खेळ." मी म्हटलं, नाही मांडत. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः डबा खाली काढला. मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुझ्यासारख्या माणसाच्या हाताला माझी वस्तू लागायला नको, असं बोलले. तो चप्पल घालून गेला. त्या आठवड्यात मी त्याच्याशी बोललेच नाही.

गुरुवारी आईनं मला सकाळी लवकर डोक्यावरून न्हायला लावलं. जेऊरहून वडिलांच्या ओळखीची माणसं येणार आहेत, चादरी बघायच्या आहेत, पोह्यांचं तू बघ. मला काही वेगळं वाटलं नाही. चादरींसाठी माणसं येतच असत. पोह्यांच्या बशा घेऊन मी बाहेर आले तर चार माणसं आणि दोन बायका बसलेल्या. एका बाईनं मला जवळ बसवलं, किती शिकलीस विचारलं, हात बघितले. माझ्या बोटांवरचे काळेनिळे डाग बघून म्हणाली, पोरगी कामाची दिसती. मी आईकडे पाहिलं तर तिची नजर जमिनीवर. मग कुंकू लागलं, ओटीत नारळ आला आणि वडिलांनी सुपारी फोडली. हे सगळं अर्ध्या तासात. आईला नंतर विचारलं की मला सांगितलं का नाहीस, तर म्हणाली, तू त्या बाईंना घेऊन आली असतीस. वडील म्हणाले, सांगितलं असतं तर रडत बसली असतीस, म्हटलं एकदम आनंदच द्यावा.

एकदम आनंद. माझ्या नातीला हे वाक्य आवडलं असतं. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, जी खेळ बनवताना समजली नव्हती. कुणाला आश्चर्याचा धक्का द्यायचा तर त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना गप्प बसावं लागतं. खेळात ती गप्प बसलेली मी होते म्हणून मला मजा आली. घरात ते सगळे होते.

मॅटिनी सुटल्यावर मामा घरी आला तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. नारळ अजून हातातच होता.

"तुला माहीत होतं?"

"व्हय. आठ-धा दिस झालं."

"मग बोलला का नाहीस?"

"तोंडातनं एक अक्षर काढायचं न्हाय म्हनलीस की. शपथ घातलीस." तो खाली बसून चप्पल काढत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "पुठ्ठा ठिवला हुता. वाचला न्हाईस?"

मी आत गेले. ट्रंक ओढली. पुठ्ठा भिंतीला टेकून उभा पडला होता, त्याला जळमटं लागली होती. माळ्यावरचा डबा काढला, कागद पसरला आणि पुठ्ठा त्यावर ठेवला. चौथी शिकलेला माणूस. त्याला पाहिजे ती अक्षरं माझ्या कागदावर ओळीनं सापडायला हवीत, मागचं अक्षर पुढे चालत नाही. कितीतरी दुपारी तो त्या चौकटींतून अक्षरं शोधत बसला असणार. भोकं सरकली होती म्हणून काही अक्षरं अर्धीच दिसत होती, पण लागत होती. बस्त्यातल्या स्ताचा काना भोकाबाहेर ठेवून त्यानं बेस्तरवाराचा, म्हणजे गुरुवारचा, स्त घेतला होता. जेऊरचा ऊ कागदावर नव्हताच, म्हणून ऱ्हस्व वापरला होता. बेस्तरवारी जेउरचे पाव. पुढचं णे बसवायला चौकट उरली नव्हती, कागद तिथंच संपला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "परवा का नाही आलीस गं?" मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मी जेऊरला होते. फर्स्ट क्लास होता. ते मला सासरच्या पत्त्यावर पोस्टकार्डानं कळलं, आणि कार्ड आधी सासऱ्यांनी वाचलं होतं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्याला माफ केलेलं नाही. लोक म्हणतील, त्यानं बिचाऱ्यानं केवढी धडपड केली. केली. मलाही दिसते ती. पण ज्यानं सबंध शहराला शेवट फुकट वाटले, त्याला शब्द पाळायचं सुचलं ते नेमकं माझ्या वेळी. शपथ मोडायची होती त्यानं. सिद्धेश्वर काही त्याला खाणार नव्हता. आणि तेवढाच राग माझा त्या पोरीवर आहे, जी नंबर नाही म्हणून पुठ्ठा न वाचता फेकून देते.

गेल्या आठवड्यात मुलगा आणि सून स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होते. नातीला बारावीनंतर इथं ठेवायचं नाही, मावशीकडे बंगळुरूला पाठवायचं, तिथल्या कॉलेजात तिचा अर्जही भरून झाला आहे. तिला विचारलेलं नाही. मुलगा मला म्हणाला, "आई, तू काही बोलू नकोस हं, तिला सरप्राइज द्यायचंय." मी हो म्हटलं. हॉलमध्ये गेले. तिचा खेळ अगदी रंगात आला होता. मी टीव्ही बंद केला, ती ओरडायच्या आत तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. तोंडानं.